मास्तरांचा आवाज

याकोब मास्तरांचा आवाज मी काढला आणि चौदा माणसं हसली.

लातूरला, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या खोलीत. शनिवारी दुपारी तिथं एक वाचन गट भरायचा. आजच्या कादंबऱ्या वाचायच्या आणि त्यांतून कॅथलिक श्रद्धेविषयी बोलायचं, असा गट. इंग्रजीचे सर तो चालवायचे. सर किनारपट्टीकडचे, कित्येक पिढ्यांचे कॅथलिक. त्या दिवशीच्या कादंबरीत बहात्तरच्या दुष्काळातलं मराठवाड्यातलं एक गाव होतं. गावात चर्चचा प्रचारक होता, त्याला सगळे मास्तर म्हणायचे. तो मिलो वाटायचा, म्हणजे परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, आणि बाप्तिस्म्यासाठी माणसं गोळा करायचा.

सर म्हणाले, "या मास्तराचे संवाद तू वाच. तुझ्या तोंडी शोभतील."

मी वाचले. नुसते वाचले नाहीत. मान डोलावली. 'लई', 'न्हाई' ताणून म्हणालो. आमचे याकोब मास्तर प्रार्थनेआधी घसा खाकरतात, तसा खाकरलो. पहिलं हसू ऐकलं आणि मला जोर चढला. दुसऱ्यांदा खाकरलो. त्या खोलीत माझं कुणी पहिल्यांदाच इतकं लक्ष देऊन ऐकत होतं.

सर डोळे पुसत म्हणाले, "अस्सल. पोटासाठी धर्म घेणारे हे मिलोवाले असेच बोलत असणार. तुमच्या लोह्याकडे असतील ना असे? ओळखतोस कुणाला?"

"नाही सर."

"आणि तू?"

"मी हिंदू आहे सर."

शुभवर्तमानात शिष्य ख्रिस्ताला ओळखत नाही म्हणतो, तेव्हा कोंबडा आरवतो. इथं कोंबडा आरवला नाही. कूलर घरघरत होता. मग चहा आला. मी दोनदा घेतला.

मी कोणाला ओळखत नाही म्हणालो, ते सांगतो.

लोहा तालुक्यातल्या आमच्या गावात मांगवाड्याच्या टोकाला पत्र्याचं चर्च आहे. आम्ही त्याला देऊळच म्हणतो. फादर महिन्यातून एका रविवारी येतात. बाकीच्या रविवारी याकोब मास्तर शुभवर्तमान वाचतात. वाचून झालं की पुस्तक मिटतात, खाकरतात आणि विचारतात, "आता बोला. ह्यात कोन चुकलं?" मग सगळे बोलतात. बाया तर भांडतात. सगळं उधळून परत आलेल्या पोराला माफ करणारा बाप बरोबर की घरी राबलेला थोरला भाऊ बरोबर, यावर आमच्याकडे दोन चुलत्यांचं महिनाभर बोलणं बंद होतं.

आईबाप ऊसतोडीला गेले की मी मास्तरांच्या घरी. अक्षरं त्यांनी शिकवली. बाप्तिस्म्याच्या वेळी मला त्यांनीच धरलं होतं, ते माझे धर्मपिता. शाळेत नाव घालायलाही तेच आले. गुरुजींनी धर्म विचारला. मास्तर म्हणाले, "हिंदू." जात विचारली. "मांग." बाहेर आल्यावर ते चिंचेखाली बराच वेळ उभे राहिले. मला घरी जायची घाई होती.

ख्रिस्ती लिहिलं की अनुसूचित जातीची सवलत जाते, हे मला फार पुढं कळलं. बाप्तिस्म्यानं आमचा वाडा हलला नाही. पाटलाच्या घरून येणारी हाक बदलली नाही. बदलला असता तो फक्त कागद. मास्तरांनी तो बदलू दिला नाही. त्या कागदावर मी वसतिगृहात राहिलो, बी.ए. झालो, एम.ए.ला लातूरला आलो. घरातला पहिला.

आणि लातूरला येऊन त्यांचाच आवाज काढून दाखवला.

गटातून बाहेर पडलो तर सुजाता सायकल स्टँडजवळ उभी होती. उमरीची, आमच्याच वर्गातली, बौद्ध. गटात ती कादंबऱ्यांसाठी यायची.

"तुला तिथं वाचायला बोलावलं का हसवायला?"

"वाचायला."

"मग?"

मी पुस्तक पिशवीत कोंबलं.

"आमचं एक बरंय," ती म्हणाली. "आमच्या आज्यानं धर्म बदलला. आम्ही बौद्ध लिहितो तरी सवलत ऱ्हाती. तुमाला ते न्हाई, ठाऊक हाय मला. पर वरचं बटण तरी लाव. क्रूस दिसून राहिलाय."

मी बटण लावलं. मग गंजगोलाईच्या बाजाराला तीन फेऱ्या मारल्या. कुठं थांबवत नव्हतं. रसवंतीवर बसलो, ग्लास समोर ठेवून उठलो.

पुढच्याच आठवड्यात मास्तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लातूरला आले. मी दवाखान्यात गेलो, तर डोळ्यावर पट्टी, पाठीखाली दोन उशा. माझ्या पिशवीला हात लावून म्हणाले, "जड हाय. काय वाचून राहिलास?"

"कादंबरी आहे."

"मंग वाच की. मला चार दिस वाचायला बंदी हाय."

मी वाचू लागलो. ते प्रकरण आलं. मी हळूच पानं उलटून पुढचं सुरू केलं.

"मधलं गाळलंस का रे?"

"नाही मास्तर."

"गाळलंस. मगाशी लोकं उपाशी व्हती, आता लगीच बाप्तिस्मा. कुनी जेवू घातलं?"

मागं गेलो. सगळं वाचलं. या वेळी सपाट आवाजात, मान खाली घालून. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा एका ठिकाणी हसला. मास्तर हसले नाहीत.

संपल्यावर ते खाकरले.

"लिवनारा हुशार हाय. गाव बरोबर हाय. पर ह्यो मास्तर सगळ्यांस्नी मिलो वाटतो. ह्याच्या घरी काय शिजतंय, ते कुटं हाय?"

मी पानं चाळली. नव्हतं कुठंच.

"माझा बाप वाटायचा मिलो. मी धा वर्साचा व्हतो. वाटनाऱ्यानं शेवटी घ्यायचं, असा त्याचा नेम. शेवटी उरायचं न्हाई. आमी तरोट्याचा पाला उकडून खायचो. मी एक दिस रडलो, तर मला म्हनला, रांगंत हुबा राह्य, सगळ्यांच्या मागं." त्यांनी पट्टी चाचपली. "हुबा राह्यलो. न्हाईच उरलं."

नर्स औषध घालायला आली. तिनं मला बाहेर काढलं.

शनिवारी सर म्हणाले, "आज तेच प्रकरण पुढं नेऊ. तू मास्तर वाच. तोच आवाज हं."

"सर, साधं वाचतो."

"अरे, गंमत होती ती. काढ की."

"तो आवाज माझ्या धर्मपित्याचा आहे सर. मी चोरून आणला होता." मी उभा राहिलो. "मी बाप्तिस्मा घेतलेला कॅथलिक आहे. तुम्ही ज्यांना मिलोवाले म्हणालात, त्यांच्यातला."

मग तरोट्याचा पाला सांगितला. रांगेच्या शेवटी उभं राहिलेलं पोरगं सांगितलं.

सर म्हणाले, "पण हे कादंबरीत नाही."

"नाही. तेच सांगतोय सर."

सुजाता पुस्तकात बघत होती. गट सुटल्यावर सरांनी मला दाराशी थांबवलं. खांद्यावर हात ठेवला.

"तुझ्या प्रवेश अर्जावर हिंदू आहे. तुझी जात पडताळणी व्हायचीय ना अजून? मी कुणाला सांगणार नाही. पण तूही जरा जपून बोल."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला किती पुस्तकं दिली, त्याची मला जाण आहे. पण खांद्यावरचा तो हात जड होता. त्या हाताखाली मी नोकरीला लागलो असतो, जन्मभर बटण लावून राहिलो असतो, आणि ते म्हणतील तेव्हा खाकरून दाखवलं असतं.

"सांगा सर," मी म्हणालो. "तुमच्या आधी मीच सांगीन."

खोलीवर जाऊन मास्तरांना पत्र लिहिलं. फोन केला असता, तर त्यांचा आवाज ऐकून मी ढिला पडलो असतो.

*आदरणीय मास्तर,*

*ख्रिस्ताच्या नावे सलाम.*

*औषध वेळेवर घालत असाल. पट्टी निघाल्यावर तुम्ही पहिलं हेच पत्र वाचाल, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.*

*दवाखान्यात मी एक गोष्ट लपवली. ते प्रकरण मी आधी चौदा माणसांपुढं वाचलं होतं. तुमचा आवाज काढून. सगळे हसले. तुम्हाला ओळखत नाही असंही म्हणालो. मी माफी मागत नाही. तुम्ही लगेच द्याल, आणि मला ती आत्ता नको आहे.*

*शाळेच्या त्या खोलीत तुम्ही माझ्यासाठी खोटं सांगितलंत. तुम्ही, ज्यांनी कधी प्रार्थनेतला एक शब्द गाळला नाही. चिंचेखाली का उभे राहिलात ते आता कळतं. त्या खोट्यावर मी शिकलो. ते विसरणार नाही. पण ते पुढं चालवणारही नाही.*

*पडताळणीचा अर्ज समोर आहे. रकाना एकच आहे. मी त्यात दोन्ही लिहिलं आहे. मांग. कॅथलिक. मावत नव्हतं, म्हणून दोन ओळी केल्या. सोमवारी स्वतः पडताळणी कार्यालयात नेऊन देणार.*

*ते नाकारतील. मी कारण लेखी मागीन. मिळेपर्यंत दारातून हलणार नाही. मिळालं की तुमच्याकडं पाठवीन. रविवारी देवळात ते सगळ्यांपुढं वाचा, मोठ्यानं, एक शब्द न गाळता. मग कागदाची घडी घाला, खाकरा आणि विचारा, ह्यात कोन चुकलं.*