कटल्याच्या पोटात भडंग

पहिल्याच कटला माशाचं पोट फाडलं आणि आतनं चुरमुऱ्यांचा लगदा निघाला. त्यात कढीपत्त्याचं पान. माझ्या तळ्यात कढीपत्ता उगवत नाही.

मी शिराळ्याजवळ शेततळ्यात मासे पाळतो. शाळा चौथीपर्यंत, पण माशाचं मला कुणी शिकवू नये. आमचे व्याही सांगलीचे, नदीकाठाला वाढलेले. पोरीच्या लग्नात चार माणसांत म्हणाले, "तळ्यातला मासा म्हंजे नुसता चिखल." मीही तिथंच बोललो, "खायला या. वास आला तर तळं बुजवून ऊस लावतो." थोरल्या पोराला तिथं ऊसच पाहिजे होता. त्यानं ते शब्द नीट ध्यानात ठेवले.

चिखलाचा वास घालवायचा उपाय सोपा आहे. कापायच्या आधी मासे दोन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवायचे. पोट मोकळं होतं, वास जातो. मी पाच कटले शुक्रवारी गुऱ्हाळाच्या जुन्या काहिलीत सोडले. काहील म्हणजे गूळ शिजवायची भली मोठी कढई. वरनं बोअरच्या पाण्याची बारीक धार. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत म्हणून काहील दारातच मांडली. घरात सगळ्यांना दम दिला, एक दाणा घालायचा नाही.

रविवारी सकाळी व्याही आले. मी कोयत्याला धार लावून येईपर्यंत काहिलीजवळ बसले होते.

मी ते पान कोयत्याच्या टोकावर धरलं. "पाव्हणं, भडंग कुणी घातलं?"

"मीच की. तुमच्यासाठी पुडा आणला हुता. बिचारी तोंड वर करून बघत हुती. माशाला घातल्यालं पुण्य लागतंय."

"किती घातलं?"

"पुडाच मोकळा केला."

बायको चुलीपाशी वाटण वाटत होती. मासे आमच्याकडं घरामागं परड्यातल्या चुलीवर शिजतात, आत देव असतात. ती म्हणाली, "आवं, धुऊन शिजवा की. पाव्हणं ताटकळल्यात."

"भरल्या पोटाचा मासा मी शिजवत न्हाई. परत उपाशी ठिवायचा."

"मग खायाचा कवा?"

सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा. बुधवार निघाला. व्याही उठायला लागले. मी त्यांची पिशवी आत नेऊन ठेवली. "निकाल लागल्याबिगर जायचं न्हाई."

त्यांनी सांगलीला फोन लावला. "आगं, मला हितं धरून ठिवलंय. न्हाई, बरा हाय."

कापलेला कटला शेजाऱ्याला दिला. उरलेल्या चार माशांवर मी काहिलीशेजारी बाज टाकून राखण केली. बायको रागात होती. तीन दिवस दोन्ही वेळेला पिठलं-भाकरी. मीही तेच खाल्लं, त्यामुळं व्याह्यांना बोलता येईना. मंगळवारी एवढंच म्हणाले, "माशांचं बरं हाय. त्यांला पिठलं तरी खावं लागत न्हाई."

बुधवारी कापले. हात घसरू नये म्हणून माशाला राख चोळायची, खवले शेपटाकडनं डोक्याकडं काढायचे. पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, नाहीतर मांस कडू. पोटातली काळी साय आणि मणक्याला चिकटलेलं रक्त खरवडून काढायचं, वासाचं घर तेच. आतडी मोकळी निघाली. व्याह्यांना बोलावून दाखवली.

रस्सा करू दिला नाही. मसाल्यात वास लपतो. नुसतं मीठ-हळद लावून तव्यावर तुकडे भाजले. थोरला पोरगा समोर येऊन बसला.

व्याह्यांनी पहिला तुकडा हुंगला, खाल्ला. दुसरा हुंगलाच नाही. चौथा मागून घेतला. मग हात धुतला.

"न्हाई वास."

मी पोराकडं बघितलं. तो उठून गेला.

व्याही विड्याच्या पानाला चुना लावत म्हणाले, "पर खरं सांगू का? तीन दिस पिठल्यावर काढल्यावर मला चिखलबी गोड लागला असता."

तळं आहे तसं आहे. काहील आता परड्यात असते. माझा अनुभव एवढाच, मासा उपाशी ठेवावा, पण खाणाऱ्याला नाही. त्याची साक्ष मग कुणी खरी धरत नाही. माझा पोरगा तर अजून धरत नाही.