कौल न लावलेली सकाळ

विघ्नहर्त्या गणरायाला आणि आमच्या वाडीच्या वेशीवर शेंदूर लेऊन उभ्या असलेल्या देवीला वंदन करून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे, की येत्या गुरुवारी माझ्या मुलीच्या नायगावच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. ती एकदा ठरून थांबली होती. का थांबली, हे आप्तेष्टांना अर्धवट ठाऊक आहे. म्हणून सारे लिहून ठेवतो.

माझे जावई मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहेत. वास्तुशांतीची तयारी चालू असतानाच बातमी आली, की परदेशातल्या एका किनाऱ्याजवळ सशस्त्र टोळीने त्यांचे जहाज अडवून नेले. खलाशी जिवंत आहेत, यापलीकडे कुणालाच काही सांगता येत नव्हते. मुलगी घर बंद करून सासूबाईंसह आमच्याकडे वाडीत राहायला आली.

एके सकाळी जहाज कंपनीचे एक अधिकारी आमच्या ओटीवर येऊन बसले. ते म्हणाले, "त्या टोळीच्या म्होरक्यावर अनेक राष्ट्रांनी मिळून निर्बंध घातले आहेत. त्याची खाती गोठवली आहेत, त्याला परदेशी जाता येत नाही, आणि त्याला पैसा किंवा मदत देणारा गुन्हेगार ठरतो. आमचे हात बांधलेले आहेत."

"म्हणजे कुलूप त्याला लावलंत आणि आत कोंडला माझा मुलगा!" विहीणबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. भुकेल्यांसाठी आलेले धान्य त्या माणसाने लुटले होते, लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या होत्या, हेही त्यांनी सांगितले. ते ऐकल्यावर निर्बंध अन्यायाचे आहेत, असे मला म्हणवेना. मात्र त्या न्यायाचा भार माझ्या लेकीच्या डोक्यावर आला होता, आणि तो उतरवून घेण्याचे सामर्थ्य माझ्या कोणत्याच स्तोत्रपाठात नव्हते.

पुढे एका दुपारी मुलीचा फोन वाजला. आधी जावयांचा आवाज आला, "मी बरा आहे. हे काय सांगतात ते ऐक." मग दुसराच कोणीतरी हिंदीत बोलू लागला.

"बहनजी, साहब को पैसा नहीं चाहिए. लिखकर भेजता हूँ. वो पढके व्हिडिओ बनाओ. कल दोपहर तक."

मजकूर आला. टोळीचा म्होरक्या सज्जन आहे, त्याच्यावरचे निर्बंध क्रूर आहेत, आपल्या सरकारने ते उठवण्याची मागणी करावी, असे त्यात होते. अधिकाऱ्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "वाचू नये असं माझं मत आहे. हे एका घरी साधलं, की उद्या दुसऱ्या घरी फोन जाईल. पण माणूस तुमचा आहे. मी हट्ट धरणार नाही."

विहीणबाई मूळच्या कोकणातल्या. त्या म्हणाल्या, "अण्णा, देवीला कौल लावा. ती सांगेल तसं करू."

देवीची पूजा आमच्या घराण्याकडे आहे. तिच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान करून मी सोनचाफ्याच्या पाकळ्या भिजवल्या. डावी चिकटवायला घेतली, तो माझे लक्ष उजव्या हाताकडे गेले. त्यातल्या पाकळीचे पाणी बोटांनी केव्हाच निपटून काढले होते. कोरडी पाकळी लवकर पडते, हे त्या बोटांना जन्मभराच्या सवयीने ठाऊक होते.

मी दोन्ही पाकळ्या तबकात ठेवल्या. "विहीणबाई, हा कौल देवीचा होणार नाही. माझ्या बोटांचा होईल."

"मग द्या इकडे. मी लावते!" त्यांनी पाकळी उचलली, क्षणभर धरली आणि खाली ठेवली. "माझीही बोटं उजवीच आधी पाडतील हो, अण्णा."

मुलगी पुढे आली. तिने दोन्ही पाकळ्या देवीच्या पायांवर वाहिल्या. "तिला यात नका ओढू. हे बोलायचंय मला, तर ठरवीनही मीच. तो मजकूर मी वाचणार नाही. आज मी वाचला, तर उद्या दुसऱ्या कुणाला वाचायला लावतील."

विहिरीपाशी उभी राहून ती स्वतःच्या शब्दांत हिंदीत बोलली. माझा नवरा तुमच्याकडे आहे. त्याचे तुमच्याशी वैर नाही. त्याला जेवू घाला आणि घरी पाठवा. निर्बंध मी घातलेले नाहीत, मला ते उठवता येत नाहीत. त्यांविषयी मी काही बोलणार नाही. एवढेच तिने पाठवले.

दुपारी फोन आला. "ये क्या भेजा है?"

"जो मेरा था, वो भेजा."

"घर में कोई बड़ा हो, उसे फोन दो." मी फोन घेतला. "चाचा, बेटी को समझाओ."

माझी हिंदी पुस्तकी. मी म्हणालो, "महोदय, वह समझकर ही बोली है."

"महोदय!" तो मोठ्याने हसला आणि फोन बंद झाला.

त्यानंतर तिकडून काहीच कळले नाही. तिचा आणि माझा फोन देवघराच्या फळीवर असे. कुठलाही वाजला, की माझा विष्णुसहस्रनामाचा पाठ अर्ध्यावर तुटे. आणि पलीकडून आमच्या बागेतली फुले नेणारा व्यापारी चाफ्याच्या पुड्यांची चौकशी करी. विहीणबाई मला जेवण वाढत, पण "अजून घ्या" म्हणत नसत. आम्ही त्यांच्या मुलाच्या सुटकेचे दार स्वतःच्या हाताने लावून टाकले की काय, हा प्रश्न त्यांनी एकदाही तोंडाने विचारला नाही. मी तो रोज पानावर बसून ऐकत होतो.

अखेरीस एका शेजारी राष्ट्राने मध्यस्थी केली आणि सगळे खलाशी सुटले. कशामुळे, ते आम्हाला कुणी सांगितले नाही. म्होरक्यावरचे निर्बंध आजही आहेत.

जावई आले ते वाळलेल्या वेलासारखे. ओटीवर बसून बायकोला म्हणाले, "तुझं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकवलं. टर उडवली. पण जेवू घाला म्हणालीस ना, त्या दिवशी पहिल्यांदा गरम भात आला."

"आणि तो मेला म्होरक्या? पाहिलास का त्याला?" विहीणबाईंनी विचारले.

"पाहिला की. दाढ ठणकत होती त्याची. गाल हा एवढा सुजलेला. चांगल्या डॉक्टरकडे जायला देशाबाहेर पडता येत नाही. जहाजावर लवंगेचं तेल आहे का, म्हणून मलाच विचारलं."

"अरे, त्याला काही द्यायचं नाही, म्हणाला होता तो कंपनीवाला!"

"दिलं मी, आई. कण्हत होता."

विहीणबाईंनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "ती दाढ उपटायलाच मला बोलवायचं होतंस." त्या हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी जेवताना मला म्हणाल्या, "अण्णा, भात घ्या अजून."

गुरुवारी दोघे जोडीने पाटावर बसतील. विहीणबाईंनी सोनचाफा सांगून ठेवला आहे. पुडा मी सकाळी देवीपुढे ठेवून मग नायगावला नेईन.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरचे जे कोणी दूर पाण्यावर वा परक्या मुलखात असेल, ते सुखरूप उंबरठा ओलांडून आत येवो. तुझ्या पंगतीतले एकही पान रिकामे न राहो. आणि माउली तुझ्या कुलाचे रक्षण करो. शुभं भवतु.