आईचं अळू आणि बर्मिंगहॅमचा ओला हिवाळा

थंडीने गेलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण माझं अळू भिजून कुजलं.

एप्रिलमध्ये वाफ्यावरचा पेंढा बाजूला केला, कंद चाचपला, तर बोट सरळ आत! शी, काय तो वास. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये मी सगळे कंद उपटून, पुसून, पेपरात गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवते. या वेळी गुडघे बोलायला लागले, म्हणून इथल्या कुठल्याशा गार्डनिंगच्या व्हिडिओवर विश्वास ठेवला. म्हणे वर पेंढा घाला आणि बाहेरच राहू द्या. अहो, पण पेंढ्यावरही काही झाकायचं असतं, पाऊस आत मुरू द्यायचा नसतो, हे त्या बाबाने सांगायला नको? आमच्या बर्मिंगहॅममध्ये हिवाळाभर नुसती पिरपिर.

"अगं, दुकानातून आण ना दुसरं," नवरा म्हणाला. माझं डोकंच फिरलं. दुकानातलं घशाला खाजतं. हे आईच्या परसातलं, लग्नानंतर इकडे येताना स्वेटरात गुंडाळून आणलेलं. आई गेली. परसात आता बिल्डिंगचं पार्किंग आहे. दुसरं आणू कुठून, कपाळ?

बरं, कुणाला दिलं असतं तर मागून तरी आणलं असतं. लंडनमधल्या स्टॅनमोरची मैत्रीण दर गणपतीला आली की मागायची. "पिल्लं अजून लहान आहेत गं," म्हणून मी तिला वाटेला लावायची. आई मात्र मागेल तिला पिल्लू उपटून द्यायची. मला तो तिचा खुळेपणा वाटायचा.

जूनमध्ये तीच मैत्रीण कुंडी घेऊन दारात उभी. तीन पानं, काळपट देठ. मी लगेच ओळखलं.

"रागावू नकोस हं. तीन वर्षांपूर्वी तू चहा टाकायला आत गेलीस ना, तेव्हा एक उपटलं."

"चोरटे! आणि वर माझ्याकडे येऊन वड्या खात होतीस?"

"तुझ्या जास्त खुसखुशीत होतात."

"आणखी कुणाकुणाला दिलंस?"

"मागेल तिला," ती म्हणाली.

मला रडूच फुटलं, रागाने की कशाने देव जाणे. खुरपं तिच्या हातात दिलं.

"तूच लाव," म्हटलं, "मी चहा टाकते."