संस्थानानं बोलावलेला कसबी

निपाणीच्या वखारीत तंबाखूचा ढीग लावला की त्याला आतून ऊब सुटते. ती पुरती आली की ढीग उलटायचा. आधी उलटला तर पानाला वास धरत नाही, उशीर झाला तर पान आतून काळं पडतं. तो दिवस ओळखणं हेच कसब, आणि भरमूचा ढीग कधी बिघडला नाही असं सगळी वखार म्हणायची.

खरं म्हणजे ढिगात कोपरापर्यंत हात घालायची ती त्याची बायको, नागुबाई. पान निवडायला बसायची, जाता-येता हात घालायची आणि दुपारी भाकरी वाढता वाढता सांगायची, "परवा उलटा." भरमू परवा उलटायचा, आणि शेटजी भरमूची पाठ थोपटायचे. बारा वर्षं असं चालल्यावर भरमूलाही वाटायला लागलं, की ऊब आपल्यालाच कळते. माणसाला असं वाटायला वेळ लागत नाही.

इंग्रजी राज्य जायच्या दहा-एक वर्षं आधीची गोष्ट. शेजारच्या एका लहानशा संस्थानाच्या मनात आलं, की तंबाखूचा धंदा आपल्याकडंही वाढावा. त्यांचा जाहीरनामा निपाणीच्या बाजारात लागला. भांडवल आणणाऱ्या शेटजींना वखारीसाठी जमीन. कसबी माणूस बायकापोरांसह आला तर राहायला घर, पोरांना शाळा, आणि काम पसंत पडलं तर वर्षानं घर त्याच्याच नावावर. भरमू-नागुबाई दोन पोरींना घेऊन दुसऱ्याच्या परड्यात, छपराखाली राहत होती. घर म्हटल्यावर नागुबाईनं त्याच दिवशी भांडी बांधली.

संस्थानच्या कचेरीत कारभाऱ्यांनी कागदावर लिहून घेतलं: भरमू, कसबी, सोबत कुटुंब. वर आपुलकीनं सांगितलं, की आम्ही तुम्हाला मानानं बोलावलंय, तुमच्या बायकामाणसांनी वखारीत राबायचं नाही, घरात सुखानं राहायचं. तिथंच भरमूनं तोंड उघडायला हवं होतं. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि मान डोलावली.

नव्या वखारीत पहिला ढीग लागला, आणि रोज दुपारी घरी नागुबाई विचारायची, ऊब कशी हाय. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली लागते तशी, का तापल्या पोराच्या कपाळाला लागते तशी? भरमूला दोन्ही सारखीच लागत. त्यानं आपलं कोंबडीचं सांगितलं. तिनं आणखी चार दिवस थांबायला सांगितलं. पाचव्या दिवशी ढीग फोडला, तर आतलं पान कोळशासारखं.

कारभारी आले, हमाल जमले. नागुबाई भाकरीचं फडकं घेऊन दाराशी येऊन उभी राहिली होती. भरमूनं तिला बघितलं होतं, आणि तरी तो बोलला.

"सायेब, बायकोनं थांबा म्हटलं म्हणून थांबलो. बाईमाणसाचं ऐकलं, त्येच चुकलं."

"म्हणजे बायकोला विचारून ढीग उलटणारा कसबी आणला होय आम्ही?" कारभारी म्हणाले. हमाल खो खो हसले. पुढचा ढीग बिघडला तर घर खाली करून परत जायचं, असं ठरलं.

नागुबाईनं फडकं उंबऱ्यावर ठेवलं आणि निघून गेली. संध्याकाळी तिनं नेहमीसारखं ताट वाढलं, पण ऊब काही विचारली नाही. शिव्या घातल्या असत्या तर भरमूला घास तरी गिळवला असता.

सकाळी तो कचेरीच्या पायरीवर जाऊन बसला. कारभारी आल्यावर उठला, पण वर बघणं काही जमेना.

"सायेब, काल तिच्यावर खोटा आळ घातला. कसब तिचं हाय. मला ऊब कळत न्हाय, निपाणीतबी कधी कळली न्हाय."

कारभाऱ्यांनी त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "मग तिला पाठव वखारीत."

"कागदावर तिचं नाव लिवा. कसबी म्हणून."

"जाहीरनाम्यात बाईला कसबी म्हणून जागा नाही रे. तुझंच नाव राहू दे. काम झाल्याशी मतलब."

जागा नाही तर आम्हीही राहत नाही, एवढं म्हणायचं भरमूच्या ओठांवर आलं होतं. पण घर डोळ्यांपुढं आलं आणि त्यानं रामराम केला.

दुसऱ्या दिवसापासून नागुबाईचा हात ढिगात गेला. पुढचा ढीग असा उतरला, की नव्या वखारीचे शेटजी वास घेत उभे राहिले. वर्षानं घर नावावर झालं, भरमूच्याच. आणि दसऱ्याला दरबारात बोलावून त्याला जरीचं पागोटं दिलं.

घरी येऊन त्यानं ते नागुबाईपुढं ठेवलं आणि कोपऱ्यात जाऊन बसला. तिनं हात पदराला पुसले, जरीची किनार बोटानं चाचपली.

"बांधा डोक्याला," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर कोण बघणार हाय? पोरींची लग्नं व्हायची हायत."

भरमूनं बांधलं. संस्थान खालसा होईपर्यंत दर दसऱ्याला तो ते बांधून, मान खाली घालून दरबारात जायचा. लोकांना वाटायचं, पागोटं जड असंल.