चहातले पाच थेंब

२१ फेब्रुवारी १९८४, मंगळवार, दुपारचे साडेतीन. स्थळ : शिरोली एमआयडीसीजवळची कामगारांची चाळ, शेवटून दुसरी खोली. बाहेर हजर : मी (मनोविकार ओपीडीतली सोशल वर्कर), आमचे सोबती बळवंत आणि आम्हाला बोलावून आणणारा पेशंटचा मेहुणा विलास, खांद्यावर दोरखंड. आत : पेशंट महादेव, फौंड्रीत साचे भरणारा, आणि त्याची बायको सुशीला. गैरहजर : डॉक्टर. ते जयसिंगपूरला कॅम्पला गेले होते.

दाराला आतून कडी होती. खिडकीच्या गजांतून मला दोघं दिसत होती. सुशीला स्टोव्हपाशी भिंतीला टेकून बसलेली. पुढ्यात कपबशी. महादेव तिच्यासमोर उभा, हातात कोयता.

"पी," तो म्हणाला. "तूच केलायस न्हवं? मग पी की."

ती हलली नाही.

"दाजी, काय न्हाय त्यात," विलास ओरडला.

मीही म्हटलं, "महादेवराव, साधा चहा आहे."

"साधा हाय, तर ही पीत का न्हाय?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. चहात औषध होतं. पेशंट गोळी घेत नसेल तर बिनरंगाचे, बिनचवीचे थेंब अन्नातून चोरून द्यायचे, हा तेव्हाचा सर्रास रिवाज. महिन्यापूर्वी मीच सुशीलाला कागदावर चार सूचना लिहून दिल्या होत्या. पाच थेंब, सकाळ-संध्याकाळ. चौथी सूचना लाल शाईत : हा चहा दुसऱ्या कुणीही पिऊ नये. ती बाई मरणाच्या दारात बसून माझी सूचना पाळत होती.

महादेवने कोयत्याच्या टोकाने बशी तिच्याकडे सरकवली.

विलास माझ्या कानाशी आला. "मॅडम, दार फोडूया. मी धरतो, तुम्ही सुई मारा." माझ्या पिशवीत डॉक्टरांनी अडीनडीसाठी दिलेलं इंजेक्शन होतं. पण दार फुटायला दोन धक्के तरी लागले असते, आणि कोयता तिच्यापासून हातभर अंतरावर होता.

बळवंत हायस्कुलात शिपाई. सहा वर्षांपूर्वी संशयाच्या याच आजाराने आमच्याकडे दाखल होते. बरे झाल्यावर डॉक्टरांनी मला सांगितलं, भेटींना यांना बरोबर नेत जा. आजारातून गेलेल्या माणसाने आजाऱ्याच्या दारात जाऊन बसायचं, एवढंच काम.

"मॅडम, तुम्ही आता गप ऱ्हावा," ते म्हणाले. "आणि विलासराव, ते दावं लांब टाका. म्हस धराय आलाय का?"

ते उंबऱ्यापाशी मांडी घालून बसले.

"म्हादू, मी बळवंत. चहा पिल्यावर जीभ जड व्हती का रं? मान आखडती?"

आतून आवाज आला, "व्हय."

"मला बी व्हायची. मला चार म्हैनं आमटीतनं घालत हुते. तुझं खरं हाय. चहात हाय."

मी त्यांचा खांदा धरला. आता महादेव तिला मारणार, असं मला स्पष्ट दिसलं. बळवंतांनी माझा हात बाजूला केला.

"पर इख न्हाय. औषध हाय."

"कुणी सांगितलं घालाय?"

"दवाखान्यानं. हिनं न्हाय."

"तू पितोस हा चहा?"

"मी कशाला? माझा डोस येगळा हाय." बळवंतांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून हात वर करून खिडकीत धरली. "ही माझी. रोज सकाळी, माझ्या हातानं. ती कोयत्याची मूठ सोड की, पावणं दारात बसल्यात."

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी घड्याळ बघायला विसरले, आणि मी घड्याळ विसरत नाही. मग कोयता खिडकीतून बाहेर आला, मूठ आमच्याकडे. मागोमाग कडी निघाली. सुशीला बाहेर आली आणि पायरीवरच बसली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"बळवंतने फार मोठा धोका पत्करला," ते म्हणाले.

"धोका आपण महिन्यापूर्वीच पत्करला होता, सर. आपण तिथे राहत नाही, म्हणून तो दिसला नाही, एवढंच."

महादेव आठवडाभर दाखल होता. आता गोळी स्वतः घेतो, कामावर जातो. माझ्या यादीत चोरून थेंब देणारी आणखी सहा घरं होती. बळवंतांना घेऊन सगळी फिरले. चार घरांत पेशंटला खरं सांगितलं. दोन घरांनी आम्हाला आत घेतलं नाही. खरं सांगितल्याने माणूस बरा होत नाही. पण त्याला आपल्या जिभेवर विश्वास ठेवता येतो, आणि उपचार तिथून पुढे सुरू होतात.

महादेव दर मंगळवारी ओपीडीत येतो. "मॅडम, तुम्ही आलासा म्हणून माझ्या हातनं पाप झालं न्हाय," म्हणतो. त्याला अजून वाटतं, थेंब कुणा डॉक्टरने सांगितले. माझ्या वहीत दर मंगळवारच्या कामांत एक ओळ असते : महादेवला सांगणे, कागद माझा होता. बाकीच्या ओळींवर संध्याकाळी काट पडते. ही ओळ मी पुढच्या मंगळवारच्या पानावर लिहून घेते.