घारीची शेपटी

राजपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवरून संध्याकाळी घिरट्या घालणाऱ्या घारी दिसतात. घार ओळखायची खूण सोपी आहे, शेपटीला मधोमध खाच असते. ही खूण लग्नानंतर मीच बायकोला शिकवली आणि त्याचा मला उगाचच गर्व होता.

गर्व आणखी एका गोष्टीचा होता. शाळेत मी चित्रकला शिकवायचो आणि रविवारी टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहायचो. शाहपूरच्या स्पर्धेत मी मैदानात पाऊल टाकलं की लाउडस्पीकरवरून पुकारा व्हायचा, "आ गए सर! घार की नज़र है, भाई!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. खरं तर कान तिकडेच लागलेले असायचे.

मग मोबाइलवरून सामने दाखवायचे दिवस आले. स्पर्धेच्या मंडळाने क्रीजच्या रेषेत बांबू रोवले, केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपटाच्या दोरीने त्यांना मोबाइल बांधले आणि नियम केला. धावबादची शंका आली तर पंचाने हवेत बोटांनी चौकोन काढायचा, मग चित्र पाहून निकाल द्यायचा. चौकोन काढायचा हक्क फक्त पंचाला, खेळाडूला नाही. बाकीचे पंच सर्रास चौकोन काढायचे. मी दोन वर्षांत एकदाही काढला नाही. काढायचा तर घार कशाला म्हणवून घ्यायचं?

त्या हिवाळ्यात गच्चीवर चहा पिताना बायकोने वर बोट दाखवलं. "अहो, ती घारच आहे का?"

"घारच," मी ठोकून दिलं. तिचं संथ तरंगणं पाहून म्हणालो. शेपटी मला दिसतच नव्हती, सगळं धुरकट होतं.

"शेपटीला खाच नाहीये हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "डोळे दाखवून घ्या एकदा."

मी तिच्यावर खेकसलो आणि खाली निघून आलो. मोतीबिंदू असणार हे मला कळत होतं. पण ते बाहेर फुटलं तर रविवार गेला, पुकारा गेला. म्हणून मी गप्प बसलो.

पुढच्याच रविवारी उपांत्य सामना होता. देडतलाईचा संघ पहिल्यांदाच इथवर पोचला होता, पिकअप भरून माणसं आली होती. शेवटच्या चेंडूवर त्यांना दोन धावा हव्या होत्या, बरोबरी झाली तर नियमाने समोरचा संघ पुढे जाणार होता. त्यांचा कर्णधार, कापूस पिकवणारा तिशीतला गडी, दुसऱ्या धावेला माझ्या टोकाकडे धावत आला. फेक आली, स्टंप उडाले. मला दिसली ती नुसती धूळ. स्टंपचा आवाज ऐकला आणि मी बोट वर केलं.

तो धापा टाकत माझ्यासमोर उभा राहिला. भांडला नाही. म्हणाला, "सर, एक बार देखून घ्या ना. चौकोन काढा ना."

"आउट म्हणजे आउट," मी म्हणालो. लाउडस्पीकरवर घारीचा जयजयकार झाला.

संध्याकाळी मंडळाच्या एका माणसाने मला बाजूला घेऊन मोबाइल दाखवला. मी तो नाकाशी धरला. बॅट रेषेच्या चांगली आत होती. "जाऊ द्या सर, हे चित्र बाहेर कोणी पाहिलं नाही," तो म्हणाला. त्याचा हेतू चांगलाच होता. मला मात्र तिथे बसवेना.

टीव्हीवरच्या मोठ्या सामन्यांत ससाण्याच्या डोळ्याचं नाव दिलेलं एक यंत्र असतं. पायाला लागलेला चेंडू पुढे कुठे गेला असता, ते रेघ ओढून दाखवतं. पण चेंडू स्टंपच्या अगदी काठावरचा असला की तेच यंत्र पंचाचा निर्णय कायम ठेवतं. इतके कॅमेरे असून त्याला शंका कबूल करायला लाज वाटत नाही. मला वाटली, आणि तिची किंमत देडतलाईच्या माणसांनी मोजली.

अंतिम सामन्याआधी मी माइक मागून घेतला. "त्या दिवशी मला काही दिसलं नव्हतं, मी अंदाजाने बोट वर केलं," एवढंच बोललो आणि पंचाची पांढरी टोपी टेबलावर ठेवली. निकाल काही बदलला नाही. मंडळाकडून नंबर घेऊन मी कर्णधाराला फोन केला.

"सर, मी आत होतो हे मला मालूमच होतं," तो म्हणाला. "पण तुम्ही एक बार पाहिलं असतं आणि मग आउट दिलं असतं, तरी मी हसत गेलो असतो."

फोन ठेवून गच्चीवर गेलो. बायको दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी खेकसल्यापासून तिने मला एकाही पक्ष्याबद्दल विचारलं नव्हतं. वर काहीतरी फिरत होतं.

"ती घार आहे का गं?" मी विचारलं. "मला शेपटी दिसत नाही."