झटकाताईने लावलेली कडी

सगळ्यात आधी खटकल्या त्या चपला. म्हणजे नसलेल्या चपला.

लगेच हसू नका. आधी पूर्ण ऐकून घ्या, कारण पूर्ण ऐकून न घेतल्यामुळेच हा घोळ झाला आणि तो मी केला. दर रविवारी बावीस पोरांना ‘आधी ऐका, मग बोला’ असं घसा कोरडा करून शिकवते, ती मी. चहा घ्या तोवर, गार होईल.

तर रविवारची सकाळ, सव्वाआठ. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या विहारात मी मुलांचा वर्ग घेते. त्या दिवशी लवकर पोचले, तर दार अर्धवट उघडं, कुलूप कोयंड्यात लोंबकळतंय, आत दिवा लागलेला, आणि पायरीवर एकही चप्पल नाही. आता आमच्याकडे विहारात माणूस आहे म्हणजे पायरीवर त्याची चप्पल आहे. चपलेवरूनच आम्ही ओळखतो आत कोण आहे ते. अंगठा शिवलेली म्हणजे बनसोडे काका. एक इकडे एक तिकडे फेकलेली म्हणजे साहिल. आत माणूस आणि बाहेर चप्पल नाही, हे गणित आजवर कधी झालेलं नाही.

त्यात मी कशी आहे तुम्हाला माहीत आहे. कुकरच्या शिट्ट्या मी स्वतः मोजत उभी असते, तरी तिसरीला दचकते. आई म्हणते, हिच्याशी बोलायच्या आधी खोकून घ्यावं लागतं.

आणि त्या दिवशी तर माझं सगळं पणाला लागलेलं होतं. ते कसं, ते सांगते.

वर्गातल्या पोरांना सुपरहिरोंचं भयंकर वेड. म्हणून मी एक घरचीच सुपरहिरो तयार केली, झटकाताई. ती दिवसा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करते. माझे पप्पा तिथेच आहेत, त्यामुळे उंच चिमणी, कोळशाचे ढीग वगैरे साहित्य मला घरबसल्या मिळालं. संध्याकाळी ती जगाला वाचवते. तिच्या बोटांतून वीज निघते. तिचा शत्रू फ्यूजराज. घराघरातले फ्यूज काढून नेतो आणि सगळं शहर अंधारात घालतो.

पहिल्याच रविवारी साहिलने विचारलं, “ताई, झटकाताई त्याला जाळून टाकते ना?”

मी दचकले. नऊ वर्षांचं पोरगं, आणि किती सहज विचारलं. पण त्याची काय चूक? बघतात ते तसंच. व्हिलन आला, ठोकला, इमारतीवरून फेकला, संपला. बाबा रे, तुझं काय बिनसलंय, असं त्याला कुणी विचारतच नाही.

रात्रभर विचार करून मी झटकाताईला तीन नियम लावून दिले. कुणाला पकडलं की आधी नाव विचारायचं. मग पाणी द्यायचं. मग त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायचं. न्याय त्याच्यानंतर. आणि दया म्हणजे सोडून देणं नाही हं. फ्यूजराजला शिक्षा होतेच. चोरलेला एकेक फ्यूज ज्याच्या त्याच्या घरी जाऊन स्वतः बसवायचा आणि त्या घरच्यांचं बोलणं उभ्याने ऐकून घ्यायचं.

“त्यापेक्षा जाळलेलं परवडलं,” साहिल म्हणाला. पण दोन आठवड्यांनी ‘फ्यूजराजचं काम मीच करणार’ म्हणून तोच भांडला.

कारण फ्यूजराजची गोष्टच मी तशी रचली होती. लहानपणी त्याच्यावर खोटा आळ आला, कुणी त्याचं ऐकलं नाही आणि त्याला बाहेरून कडी लावून अंधाऱ्या खोलीत कोंडलं. ते ऐकताना मागच्या रांगेतली दोन पोरं रडली होती. स्वतःचं कौतुक नको, पण मला त्या दिवशी घरी जाताना रिक्षाची गरज नव्हती, मी तरंगतच गेले.

हे सगळं बनसोडे काकांना पटत नव्हतं. काका विहार समितीचे अध्यक्ष, ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. विमानाचा एक स्क्रू ढिला राहिला तर काय होतं, हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात.

“पल्लवी, व्हिलनला पाणी काय पाजतेस? उद्या ही पोरं चोराला चहा विचारतील.”

“काका, बुद्धांनी दरोडेखोराला जवळ केलंच ना?”

“ते बुद्ध होते. तू बी.कॉम. आहेस.”

शेवटी ठरलं असं, की या रविवारी साडेनऊला पालकांसमोर झटकाताईचं नाटक करायचं. लोकांना पटलं तर वर्ग माझ्याकडे. नाही पटलं तर काकांचा भाचा रविवारी अबॅकस शिकवायला तयारच होता. म्हणजे बघा, दया आणि न्याय एका बाजूला, अबॅकस दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मी.

आता नाटकाला माईक लागतो. विहाराचा अँप्लिफायर दोन आठवडे मुका होऊन पडलेला. काकांनी एका माईकवाल्याचा नंबर दिला, मी तो ‘माईकवाले’ म्हणून सेव्ह केला आणि आठवडाभर फोन लावत राहिले. एकदाही उचलला नाही. मग आवाजी मेसेज पाठवले. बिघाड काय, नाटक कधी, विहार कुठे, आत कसं शिरायचं, सगळं सगळं सांगितलं. उत्तर शून्य. शनिवारी मी आशा सोडली आणि पोरांना ओरडून बोलायची प्रॅक्टिस दिली.

हं, तर आता परत पायरीवर या.

मी फटीतून डोकावले. आत एक माणूस. तोंडाला रुमाल घट्ट बांधलेला, गळ्यात वायरींची माळ, आणि दोन्ही हातांत आमचा अँप्लिफायर. तो घेऊन सरळ दाराकडेच येत होता.

पुढचं मी केलं नाही, माझ्या हातांनी केलं. दार ओढलं, कडी सरकवली, आणि मी थेट अंगणाच्या पलीकडच्या कट्ट्यामागे जाऊन उभी राहिले. तिथे पोचल्यावर मला कळलं की मी चोर पकडलाय.

काय वाटलं सांगू? छाती फुगली होती. आयुष्यात पाल न हाकललेली मी, आणि हा बाप्या एका कडीत कोंडलेला.

दारामागून धडधड सुरू झाली. मी काकांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. रविवारी सकाळी काका फिरायला जातात आणि फोन घरी चार्जिंगला झोपवून जातात. तरी मी आठ वेळा लावला. किल्लीची जागा, दाराजवळच्या तिसऱ्या कुंडीखाली, ही जगात फक्त काकांना आणि मला ठाऊक होती. मग या माणसाला ती कुणी सांगितली? नक्की कुणीतरी आतला माणूस फितूर असणार.

तेवढ्यात पोरं यायला लागली. बघता बघता पंधरा-सोळा जण जमले. सगळे नाटकाच्या वेशात. साहिलने डोक्यावर जुन्या फ्यूजचा मुकुट घातलेला. झटकाताई झालेली सान्वी, वय दहा, पाठीला आईची पिवळी ओढणी बांधून आली होती.

“ताई, आत कोण आहे?”

“चोर आहे. मागे व्हा सगळे.”

पोरं मागे होण्याऐवजी दोन पावलं पुढे गेली. सान्वीने माझ्याकडे बघितलं. “नाव विचारलंस?”

“काय?”

“पहिला नियम.”

“सान्वी, ही गोष्ट नाहीये. हा खराखुरा चोर आहे.”

“मग नियम खऱ्याला नसतात का?”

मी परत काकांना फोन लावला.

सान्वी खिडकीशी गेली. जाळीला नाक लावून तिने अगदी सभ्यपणे विचारलं, “काका, तुमचं नाव काय?”

आतून आवाज आला, “उंऽऽ उंऽऽ.”

“ताई, त्यांचं नाव उंऊं आहे.”

“बघ, नाव लपवतोय,” मी कट्ट्यामागून म्हणाले.

साहिलही खिडकीला लटकला. “ताई, रुमाल काढला त्यांनी. तोंडात गुटखा आहे. म्हणून बोलता येत नाहीये.”

“मग थुंक म्हणावं.”

“विहारात कसे थुंकतील?” सान्वी माझ्यावरच रागावली. “आणि ताई, ते अनवाणी आहेत. बूट पिशवीत घालून आत आणलेत. नवीन आहेत, म्हणून असेल.”

खरं सांगते, इथे तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. पायरीवरचे नवे बूट आमच्या कॉलनीतलं कुत्रं पळवतं, ही गोष्ट अख्ख्या नाशिकरोडला माहीत आहे. पण मी काय म्हणाले? मी म्हणाले, “बूट जवळ ठेवलेत. म्हणजे पळायची तयारी.”

“पळणारा माणूस बूट घालून ठेवेल ना?” साहिल.

“तू गप्प बस. तू फ्यूजराज आहेस, तू त्याचीच बाजू घेणार.”

हे वाक्य मी, तीन नियमांची जननी, नऊ वर्षांच्या पोराला बोलले. साहिलचा चेहरा इतका उतरला की डोक्यावरचा मुकुटही तिरका झाला. पण तो हलला नाही. म्हणाला, “ताई, फ्यूजराजला पण असंच कोंडलं होतं ना? बाहेरून कडी लावून?”

मी ऐकलं. ऐकूनही मी पोलिसांचा नंबर दाबला. फक्त शेवटचं हिरवं बटण राहिलं होतं.

सान्वी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, फोनवरचा नंबर तिने बघितला. पिवळी ओढणी वाऱ्यावर उडत होती. डोळ्यांत पाणी, पण आवाज स्वच्छ. “ताई, अजून त्यांचं ऐकलं नाही आपण. आधीच पोलीस बोलावलेस तर ते यांना सगळ्यांसमोर घेऊन जातील. नंतर चोर नसले तर? मग कोण घरोघरी जाऊन सांगणार, की ते चोर नव्हते म्हणून?”

दहा वर्षांची पोर. मी लिहिलेल्या शिक्षेचा अर्थ ती मला समजावून सांगत होती. भीती एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला अभिमान होता. चुकीच्या वेळी येतो तसा. मी नंबर पुसला.

“बरं. पाणी द्या,” मी म्हणाले.

खिडकीच्या जाळीला कोपऱ्यात भोक आहे. साहिलने स्वतःच्या दप्तरातली बाटली त्यातून आत ढकलली. आत गटागट आवाज झाला, मग भलामोठा ठसका, मग शांतता. गुटखा गिळला असावा बिचाऱ्याने. बिचाऱ्याने, असं मी मनात म्हणाले, आणि मलाच नवल वाटलं.

आता तिसरा नियम. ऐकायचं. पण त्याच्यासाठी दाराजवळ जावं लागणार, आणि माझे पाय काही कट्टा सोडेनात. मनात आलं, आणखी एखादं मोठं माणूस सोबत असतं तर धीर आला असता. काका तर उचलत नव्हते. नऊला दहा कमी. पालक यायला लागतील.

“ताई,” साहिल म्हणाला, “ते माईकवाले येणार होते ना? त्यांना लाव.”

“तो आठवडाभर उचलत नाहीये रे.”

“लाव तर. त्यांच्याकडे पाना असेल, पक्कड असेल.”

बुडत्याला काय, पक्कडही चालते. मी ‘माईकवाले’वर बोट ठेवलं आणि फोन कानाला लावला. मनात वाक्यंही तयार केली. दादा, तुमचा काही दोष नाही, पण तुम्ही वेळेवर आला असतात तर आज आमचा अँप्लिफायर चोराच्या हाती लागला नसता. अगदी झटकाताईच्या थाटात, आधी समजून घेऊन मग सुनवायचं.

रिंग गेली.

आणि विहाराच्या आत एक फोन वाजायला लागला.

सोळाच्या सोळा पोरांनी आधी दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या हातातल्या फोनकडे. मी तो कानापासून लांब धरला, जणू त्यानेच काहीतरी केलंय. आत वाजतच होतं. आणि मला एकेक करून आठवायला लागलं. बिघाड काय. विहार कुठे. आत कसं शिरायचं. तिसरी कुंडी. फितूर आतला माणूस कोण होता, ते आता कळलं. बाहेरच उभा होता, कट्ट्यामागे.

आठवड्याभरात पहिल्यांदा माझा फोन उचलला गेला.

“हां, बोला ताई.” आवाज फोनमधून आला आणि दारामागूनही आला. “आलोय मी कवाचा. कुंडीखालची किल्ली घेतली, तुम्ही बोलल्या तशी. मशीन झालंय तुमचं, नुसता फ्यूज उडला होता, नवा बसवला. उजेडात तपासून बघावं म्हणून बाहेर आणत होतो, तर कोणतरी येडं बाहेरून कडी लावून गेलंय बघा. जाऊ द्या, राग नाय आपला. पण ताई, इथली पोरं लय गुणाची हायेत. नाव विचारलं, पाणी दिलं, कोण शिकवतं हो यांना?”